चाळीस मिनिटं उघडा पूल

९.१२ – ‘दोन बहिणी’. मालवाहू, रेती. उत्तरेकडे. सहा मिनिटं. शेरा: –

एप्रिलमधल्या त्या मंगळवारी सकाळी पूल वर गेला तेव्हा फाटकाशी आम्ही दहा-बारा जण सायकली धरून उभे होतो. जहाजाकडे कुणाचं लक्ष नव्हतं. सगळे वर केबिनच्या काचेकडे पाहत होते. पूल चालवणारी हिस्के खुर्चीतून उठताना कमरेवर हात ठेवते का, एवढंच बघायचं होतं.

तिने ठेवला.

“अजून दुखतंय बाई तिला,” बेकरीतली ट्रीन म्हणाली.

“चौदा महिने झाले की.”

“माझ्या भावजयीची मणक्यातली गादी सरकली होती. आठ महिन्यांत नाचायला लागली.”

“तुझी भावजय गादी सरकायच्या आधीपासून नाचतेच आहे.”

आम्ही हसलो. पूल खाली बसला, घंटा थांबली, फाटक उघडलं आणि जो तो आपल्या वाटेने निघाला.

हिस्केची पाठ दुखत नव्हती. एक दिवसही दुखली नव्हती. आणि हे त्या दहा-बारा जणांतल्या प्रत्येकाला माहीत होतं.


पुलावरच्या वहीतलं मागल्या वर्षीचं पान. फेब्रुवारी.

१०.०४ – ‘धीर’. टँकर, रिकामा. दक्षिणेकडे. चाळीस मिनिटं. शेरा: चालकाची पाठ अचानक धरली. – सी.

सी. म्हणजे सीब्रेन. आमच्या कालव्यावर तीन पूल आहेत. त्यांवरच्या चालकांचा तो प्रमुख. माणूस वाईट नाही. वाईट असता तर ही गोष्ट सोपी झाली असती.

त्या फेब्रुवारीत दोन चालक तापाने पडले होते. हिस्केने अकरा दिवस ओळीने काम केलं: सकाळची पाळी, दुपारची, पुन्हा सकाळची, पुन्हा दुपारची. रात्री दहाला उतरायचं आणि पहाटे सहाला चढायचं. सातव्या दिवशी तिची झोप उडाली. तिने सीब्रेनला सांगितलं. तो म्हणाला, “गरम दूध पी.” आठव्या दिवशी तिला थकवाच वाटेना. नवव्या दिवशी तिने केबिनच्या सगळ्या काचा आतून-बाहेरून पुसल्या, कोट न घालता, शून्याखाली दोन अंशांत. जाणाऱ्या-येणाऱ्यांना हाका मारून ती बोलत होती, आणि इतकं भरभर बोलत होती की आम्हाला मजा वाटली. काय खुशीत आहे पोरगी, असं म्हणालो.

अकराव्या दिवशी ‘धीर’ पुलाखालून पाच मिनिटांत निघून गेलं आणि पूल वरच राहिला. दहा मिनिटं. पंधरा. दोन्ही बाजूंना गाड्यांची रांग लागली. मग भोंग्यातून हिस्केचा आवाज आला. एरवी त्या भोंग्यातून ‘फाटकापासून दूर राहा’ याशिवाय काही ऐकू येत नाही.

“थांबा,” ती म्हणाली. “अजून एक जण यायचा राहिलाय. तो आल्याशिवाय मी पूल खाली घेणार नाही.”

पाण्यावर कुणी नव्हतं. दूरपर्यंत नव्हतं. पण कोण यायचा राहिलाय, हे फाटकाशी उभ्या असलेल्या प्रत्येकाला कळलं. आमचे चेहरे खाली गेले.

गर्दीत हिस्केची आई होती, ग्रीत. सायकलला भाजीची टोपली, डोक्याला रुमाल. ती एकदम वळली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “पाठ धरली असेल तिची. बटणापर्यंत हात पोचत नसेल.”

आम्ही माना हलवल्या. “हो हो, पाठच असेल.” सीब्रेन जिना चढून वर गेला, त्याने पूल खाली घेतला, आणि वहीत शेरा लिहिला.

हिस्के बारा आठवडे रुग्णालयात होती, मग घरी; त्या मंगळवारच्या सहा आठवडे आधी ती पुलावर परतली, फक्त सकाळच्या पाळीला. आजाराला नाव मिळालं: बायपोलर. औषध मिळालं, ते लागू पडलं. तिला रुग्णालयात आमची एकोणीस शुभेच्छापत्रं गेली. एकोणीसच्या एकोणीस पत्रांवर ‘पाठीला आराम पडो’ असं होतं. एकावर तर मणक्याचं चित्र होतं, हसरं.


घरातली पाठ.

ग्रीतच्या सासूचं ‘हृदय’ होतं. ती सहा सहा आठवडे पडद्याआडच्या पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडून राहायची, आणि वैद्याला तिच्या छातीत कधी काही सापडलं नाही. ग्रीतच्या नवऱ्याची, आबेची, ‘कंबर’ होती. दर नोव्हेंबरात ती धरायची आणि मार्चमध्ये सुटायची. बोटी दुरुस्त करणारा माणूस, हात सोन्याचे; पण त्या चार महिन्यांत त्याच्या कारखान्याचं दार बंद. आम्ही विचारायचो, “कंबर काय म्हणते?” तो म्हणायचा, “चाललंय.”

बावीस वर्षांपूर्वीच्या मार्चमध्ये ती सुटली नाही. एका सकाळी तो कालव्यात सापडला, पुलापासून दोनशे पावलांवर. हिस्के तेव्हा बारा वर्षांची होती.

बर्फावरून पाय घसरला, असं ग्रीतने सांगितलं. आम्हीही तेच म्हणालो, तेच सांत्वनाच्या पत्रांत लिहिलं, धर्मगुरूंनीही चर्चमध्ये तेच सांगितलं. त्या आठवड्यात बांधावर पिवळी फुलं आली होती आणि लोक स्वेटर काढून फिरत होते.

यात कुणाचा दुष्टपणा नव्हता. आम्ही ते मायेनेच केलं. पण आबेला कुणी एकदा तरी, एका नोव्हेंबरात तरी, कमरेऐवजी दुसरं काही विचारलं असतं तर काय झालं असतं, हा प्रश्न आम्ही बावीस वर्षं एकमेकांसमोर काढला नाही.


मंगळवार, दुपार. खात्याच्या डॉक्टरीणबाईंचा कागद.

काय झेपेल: पुलावरची सर्व कामं.
काय झेपणार नाही: पाळ्या बदलणं. ठरलेली एकच पाळी हवी.
किती काळ: ............

“कारण मी लिहीत नाही,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “लिहिण्याची परवानगीही नाही मला. तुम्हालाही कुणाला सांगायची सक्ती नाही. फक्त ही शेवटची ओळ. मागच्या वेळी मी ‘सहा आठवडे’ लिहिलं होतं, ते परवा गुरुवारी संपतात. आता खरं तर ‘कायम’ लिहायला हवं. तुमच्या मानसोपचारतज्ज्ञांचंही तेच मत आहे ना?”

“ते म्हणाले, औषध अर्धं काम करतं आणि रोज एका वेळी झोपणं अर्धं.”

“मग लिहू?”

हिस्के खिडकीबाहेर बघत राहिली. “कायम लिहिलंत तर ते विचारतील, पाठीला ठरलेली पाळी कशाला लागते?”

“विचारतील.”

“आणि मी सांगितलं तर?”

डॉक्टरीणबाईंनी खोटा धीर दिला नाही. “कायद्याने तुम्हाला काढता येत नाही. पण तुम्हाला दुसरीकडे कामाला लावायचे हजार रस्ते असतात. तालुक्याच्या कचेरीत बसून फायली, असं काहीतरी. पूल हवाय ना तुम्हाला?”

“पूलच हवाय.”

“मग रकाना आज रिकामा ठेवते. उद्या संध्याकाळपर्यंत फोन करा.”

तिच्यापुढे असं उभं होतं: खोटं चालू ठेवावं तर गुरुवारपासून पुन्हा सकाळ-दुपार-सकाळ, म्हणजे एक ना एक दिवस पुन्हा तो फेब्रुवारी. खरं सांगावं तर कदाचित पूलच जाणार.


मंगळवार, संध्याकाळ. स्वयंपाकघर.

“वाटाण्याचं सूप आहे. एप्रिल आहे, पण तुला आवडतं म्हणून केलं,” ग्रीत म्हणाली. “सकाळी उजवा हात ठेवलास कमरेवर. आधी डावा ठेवायचीस. लोक बघतात.”

“आई, तू बघतेस.”

“मी बघते म्हणून लोक बघत नाहीत असं नाही. ट्रीनने विचारलं मला, उजवीकडे सरकलं का म्हणून.”

हिस्के हसली. ग्रीत नाही हसली. तिने फडताळातून ‘जीवनसत्त्व’ असं लिहिलेली बाटली काढून मुलीच्या ताटाशी ठेवली. जीवनसत्त्वं त्यात नव्हती.

“ह्या बाटलीत का ठेवतेस गं? पाहुणेही येत नाहीत आपल्याकडे.”

“आले तर?”

“आले तर म्हणतील, ग्रीतची पोरगी औषध घेते. बरं झालं.”

“तुला काय माहीत लोक काय म्हणतात? तू बारा वर्षांची होतीस. मी ह्या गावात विधवा म्हणून बावीस वर्षं मान वर करून फिरले, ती कशाच्या जोरावर? तुझ्या बापाला चर्चच्या दारातून बाहेर नेताना अख्खा गाव उभा होता. खरं सांगितलं असतं तर किती उभे राहिले असते?”

“सगळ्यांना माहीत होतं, आई. माहीत असूनच उभे होते ते.”

ग्रीतचा चमचा थांबला.

“गुरुवारी पाळ्यांचा तक्ता ठरतोय,” हिस्के म्हणाली. “मी सांगायचं म्हणतेय.”

“सांग. सांग आणि दाखव तमाशा. आत्ता कुठे लोकांनी तुला पुलावर परत घेतलंय. एक हात कमरेवर ठेवायचा फक्त! एवढं होत नाही तुझ्याच्याने?”

“बाबांनी चार-चार महिने ठेवला होता.”

ग्रीत उठली आणि भांडी घासायला लागली. घासलेलीच पुन्हा घासली.

इथे एक गोष्ट नीट सांगायला हवी. आपल्या आजाराबद्दल गप्प राहणं हा माणसाचा हक्क आहे आणि तो कुणी काढून घेऊ नये. पण हिस्के गप्प नव्हती. तिला रोज सकाळी दुखण्याचं सोंग करावं लागत होतं. गप्प राहणं आणि सोंग करणं यांत फरक आहे, आणि दुसरं करायला लावणारे आम्ही होतो.


बुधवार. खुर्ची.

केबिनमध्ये हिस्केसाठी खास खुर्ची आली होती. उंची आणि कल बदलायच्या सात कळा, मानेला आधार, कमरेला फुगणारी उशी. पाठीमागे चिठ्ठी: ‘फक्त हिस्केसाठी. कळा हलवू नयेत.’ शेजारी एक लाकडी स्टूल.

दुपारी दोनला पाळी बदलायला डाउवे आला. दुसरा चालक, साठीचा, दाराएवढा उंच. सहा आठवडे हिस्केच्या वाट्याच्या दुपारच्या पाळ्याही तोच करत होता. जिना तो एकेका पायरीवर थांबत चढला. वर येऊन त्याने पिशवीतून एक कापडी उशी काढली.

“धर. चेरीच्या बिया भरल्यात आत. ओव्हनमध्ये दहा मिनिटं ठेवायची आणि कमरेखाली घ्यायची. बायकोने शिवली.”

“तुझ्यासाठी शिवली?”

“माझ्याकडे दुसरी आहे. ही जास्त गरम राहते. तुझं जास्त वाईट आहे ना.”

डाउवेचे दोन मणके गेले होते. खरोखर गेले होते, एक्स-रेच्या फोटोंसकट. त्याने त्याचा कधी बोभाटा केला नाही, कारण आमच्याकडे चालता येणारा माणूस तक्रार करत नाही. तो स्टुलावर बसला आणि बसताना त्याच्या तोंडून एक बारीक आवाज निघाला.

“खुर्चीत बस ना डाउवे.”

“छे! तुझ्या कळा हलतील.”

“आठ तास तू ह्या स्टुलावर बसतोस?”

“उभाही राहतो मधेमधे. एक विचारू? तो व्यायाम सांग ना तुला कुठला दिला ते. चौदा महिन्यांत तू अशी चालायला लागलीस. मला सात वर्षांत जमलं नाही.”

तो मनापासून विचारत होता. त्याच्या हातात कागद आणि पेन्सिल होती.

हिस्के “उद्या सांगते,” एवढंच म्हणाली, जिना भरभर उतरली आणि कालव्याच्या कठड्याशी उभं राहून तिने डॉक्टरीणबाईंना फोन लावला.

“लिहा,” ती म्हणाली. “कायम.”


गुरुवार, सकाळ.

निघताना दारात हिस्केने आईला सांगितलं, “आज मी हात ठेवणार नाही.”

ग्रीत पाठमोरी उभी राहिली. ओट्यावर बाटली तशीच होती. हिस्केने बाटलीवरची ‘जीवनसत्त्व’ची चिठ्ठी नखाने सोलून काढली आणि मग ती गेली.


दहा वाजता. केबिन.

आमच्याकडे ज्याचा आनंदाचा दिवस असतो त्यानेच केक आणायचा असतो. सहा आठवडे पुरे झाले म्हणून हिस्केने ट्रीनकडून गुलाबी साखरेच्या थराचा चपटा केक आणला होता, वर मलई. सीब्रेनने आणि डाउवेने एक एक तुकडा घेतला. तिसरा चालक उत्तरेच्या पुलावर होता, त्याचा तुकडा झाकून ठेवला.

सीब्रेनने नवा तक्ता टेबलावर पसरला. “तर. हिस्के, तू आता ठणठणीत. सोमवारपासून सगळ्यांसारखी: आठवडा सकाळ, आठवडा दुपार. सारखं काम, सारखा त्रास. कुणी कुणाच्या ताटातले बेदाणे वेचायचे नाहीत.”

हिस्केने डॉक्टरीणबाईंचा कागद तक्त्यावर ठेवला.

सीब्रेनने वाचला. “कायम? अगं, पाठीला काय करायचंय सकाळ की दुपार ते? पाठीला काय घड्याळ कळतं?”

“पाठीला नाही कळत,” हिस्के म्हणाली. “मला पाठीचं काही झालेलं नाही, सीब्रेन. तुला माहीत आहे. तूच जिना चढून वर आला होतास.”

डाउवेने केकचा काटा खाली ठेवला.

“हिस्के, ह्याची गरज नाही,” सीब्रेन हळू आवाजात म्हणाला. “आम्ही कुणी काही विचारलेलं नाही.”

“हेच तर. चौदा महिने कुणी काही विचारलेलं नाही. मला बायपोलर आहे. मी पाच रात्री झोपले नव्हते. मला वाटत होतं की माझा बाप पाण्यातून परत येतोय आणि पूल खाली घेतला तर तो पलीकडेच राहील. तुम्ही सगळे खाली उभे होतात आणि तुम्ही ठरवलंत की माझी पाठ धरली. डाउवे, माझ्याकडे व्यायाम नाहीये. असता तर तुला पहिल्याच दिवशी दिला असता. मला माफ कर. ती खुर्ची तुझी आहे.”

डाउवे खुर्चीकडे बघत राहिला. मग म्हणाला, “म्हणजे सहा आठवडे मी त्या स्टुलावर...”

“हो.”

“तुझ्या कळा हलू नयेत म्हणून...”

“हो, डाउवे.”

“आयला,” डाउवे म्हणाला, आणि त्याला हसू फुटलं. हसताना पाठ दुखली तसा कण्हला आणि पुन्हा हसला.

सीब्रेन हसला नाही. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. “आता हे मी ऐकलंय,” तो म्हणाला. “ऐकलं नसतं तर गोष्ट वेगळी. खाली साठ टन लोखंड, त्यावर शाळेची पोरं सायकलवर. पुन्हा झालं तर? जबाबदार कोण? केबिनची किल्ली दे, हिस्के. वरच्यांशी बोलेपर्यंत.”

प्रश्न चुकीचा नव्हता. पुलावरच्या माणसाला तो विचारायलाच हवा. चूक एवढीच होती की तो चौदा महिने उशिरा विचारला जात होता.

“पुन्हा झालं तर काय करायचं ते मला माहीत आहे,” हिस्के म्हणाली. “मागच्या वेळी कुणालाच माहीत नव्हतं, तेव्हा धोका होता. आता ऐका. मी थंडीत कोट विसरायला लागले, भरभर बोलायला लागले, वहीत शेऱ्याच्या रकान्यात एका ओळीपेक्षा जास्त लिहायला लागले, की माझ्याकडून किल्ली घ्या आणि ह्या नंबरावर फोन करा. मी आरडाओरडा केला तरी घ्या. तुम्हा तिघांना हे माहीत असेल तर ह्या कालव्यावर माझ्याइतका सुरक्षित चालक दुसरा नाही. तू रात्री किती झोपलास, सीब्रेन? कुणी विचारतं तुला?”

“किल्ली, हिस्के.”

हिस्केने नकारार्थी मान हलवली. “डॉक्टरीणबाईंनी मला कामाला योग्य ठरवलंय. तुला किल्ली हवी असेल तर कारण लिही. इथे, वहीत. आजच्या तारखेखाली, तुझ्या हाताने. ‘चालक आजारी होती, बरी झाली, तिने खरं सांगितलं, म्हणून काढली.’ लिही. मी किल्ली ठेवते आणि जाते.”

तिने वही उघडली आणि पेन त्याच्यापुढे धरलं.

सीब्रेनने पेन घेतलं. खोटा शेरा त्याने त्या वेळी एका दमात लिहिला होता. आता टोक कागदाला लागलं आणि तिथेच राहिलं. शाईचा एक ठिपका पसरत गेला.

“दुपारच्या पाळ्या मी करतो,” डाउवे मध्येच म्हणाला. “सगळ्या. सकाळी दहाच्या आत माझी पाठ उठतच नाही. सात वर्षं तुला सांगतोय, मला कायमची दुपार दे. तू म्हणतोस, सगळ्यांना सारखं. हिला सकाळ हवी, मला दुपार हवी. कुणाच्या ताटातला बेदाणा गेला?”

सीब्रेनने पेन खाली ठेवलं. “वरच्यांना कळवावं लागेल मला,” तो म्हणाला.

“कळव. पण पाठ नको कळवूस.”

हिस्केने वहीची मागची पानं चाळली. आमच्या पुलावरच्या वहीत खोडायची मनाई आहे. पानांना छापील आकडे असतात, फाडलं तर कळतं. चूक झाली तर पट्टी ठेवून एकच रेघ मारायची, जुनं वाचता आलं पाहिजे, वर बरोबर ते लिहायचं आणि सही करायची. तिने फेब्रुवारीचं पान काढलं, पट्टी ठेवली आणि ‘चालकाची पाठ अचानक धरली’ यावर रेघ मारली. वर लिहिलं:

चालक पाच रात्री झोपली नव्हती, आजारी होती. – हिस्के.

मग तिने पट्टी सीब्रेनपुढे सरकवली. “तुझा शेरा आहे. तुझीही सही लागते.”

 बाहेर जहाजाचा भोंगा वाजला, एक लांब, एक आखूड: पूल हवाय. हिस्के उठली, कमरेवर हात न ठेवता, आणि फलकाशी गेली. ती लाल दिवा लावत असताना तिच्या मागे पेनाचा आवाज आला. सी. अक्षर फार मोठं नसतं. तिला ते ऐकू आलं.


फाटकाशी.

आम्ही तेव्हा खाली उभे होतो. घंटा सुरू होण्याच्या जरा आधी डाउवे केबिनमधून खुर्ची घेऊन उतरला होता आणि ती दक्षिणेच्या पुलाकडे, त्या दिवशीच्या त्याच्या जागेकडे, चाकांवरून ढकलत निघाला होता. पाठीमागची चिठ्ठी वाऱ्याने फडफडत होती.

“ही हिस्केची खुर्ची ना?” ट्रीनने विचारलं. “तिची पाठ कशावर बसणार आता?”

डाउवेने अंगठ्याने वरच्या काचेकडे खूण केली आणि तो पुढे गेला. वर हिस्के उभी होती. सरळ. दोन्ही हात फलकावर.

आणि मग आम्हाला दिसलं की ग्रीत आली आहे. डोक्याला रुमाल नव्हता. घरून घाईत निघाली असावी. सायकलला टोपलीही नव्हती. ती नेहमीसारखी मागे न थांबता थेट फाटकाच्या दांडीपर्यंत गेली आणि दांडीवर हात ठेवून वर लेकीकडे बघत राहिली.

ट्रीनने गोड आवाजात विचारलं, तसं विचारायची आमची पद्धतच आहे: “ग्रीत, काय म्हणते गं आता हिस्केची पाठ?”

पूल वर जात होता. चौदा महिन्यांपूर्वी ह्याच जागी ग्रीतने आम्हाला ‘पाठ’ हा शब्द दिला होता आणि आम्ही तो धावत जाऊन उचलला होता. आम्ही आताही तयार होतो. तिने फक्त म्हणायचं होतं, चाललंय.

“पाठीला तिच्या कधीच काही झालेलं नाही,” ग्रीत म्हणाली.

जहाज पुलाखाली शिरलं. रिकामं होतं, पाण्यात उंच तरंगत होतं. ग्रीतने दांडी दोन्ही हातांनी धरली. ती वळली आणि आमच्याकडे, एकेकाच्या तोंडाकडे बघत म्हणाली:

“आणि त्या मार्चमध्ये बर्फही नव्हता.”

जहाज गेलं. पूल खाली बसला. घंटा थांबली, दिवा हिरवा झाला, फाटक वर गेलं. मागे एका गाडीने भोंगा वाजवला. पहिलं पाऊल कुणी टाकायचं, ते आम्हाला कळेना.


११.२० – ‘दोन बहिणी’. रिकामं. दक्षिणेकडे. सहा मिनिटं. शेरा: पूल वेळेत बंद, लोक उशिरा हलले. – हिस्के.